आधी वाण ओळखा, मग परवान्याचे बोला

आंबेमोहोर आणि इंद्रायणी यांतला फरक वरवे बुद्रुकपासून वेल्ह्यापर्यंतच्या भातशेतकऱ्याला कोणी शिकवावा लागत नाही. आंबेमोहोर उंच वाढतो आणि वाऱ्यापावसात लोळतो. त्याच्याच संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेली इंद्रायणी बुटकी, पण उताऱ्याला सरस. दोन्ही भातच, तरी वाण बदलला की लावणीपासून काढणीपर्यंतचे गणित बदलते. भांगेच्या झाडाबाबत मात्र हे साधे शहाणपण आपण बाजूला ठेवतो. ‘गांजा’ हा एकच शब्द उच्चारतो आणि चर्चा संपवतो.

शेतमालाला भाव मिळत नाही म्हणून 2021 मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी मागितली होती. त्या अर्जाची चेष्टा झाली, थोडी हळहळही झाली. पण कोणता वाण, कशासाठी आणि तो सोलापूरच्या हवेत कसा वाढेल, हे कोणी विचारले नाही. खरा प्रश्न तिथेच आहे.

1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार परवान्याशिवाय या झाडाची लागवड केल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच कायद्याचे चौदावे कलम मात्र धागा किंवा बियांसाठी लागवडीला परवानगी देण्याची मुभा सरकारला देते. उत्तराखंडने 2018 मध्ये नशा आणणाऱ्या टीएचसी या द्रव्याचे प्रमाण 0.3 टक्क्यांपेक्षा कमी असलेल्या वाणांना परवाने देण्यास सुरुवात केली. या झाडाच्या बियांना 2021 मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने खाद्यपदार्थ म्हणून मान्यताही दिली. म्हणजे दार पूर्ण बंद नाही. आत शिरण्यापूर्वी झाड नीट समजून घ्यायला हवे, इतकेच.

टीएचसी आणि नशा न आणणारे सीबीडी ही दोन्ही द्रव्ये झाडात एकाच मूळ द्रव्यापासून तयार होतात. त्याचे कशात रूपांतर करायचे, हे मुख्यतः आनुवंशिकता ठरवते. त्यामुळे शेजारी उभी असलेली दोन झाडे डोळ्यांना सारखी दिसली, तरी एक धाग्याचे आणि दुसरे नशेचे असू शकते. फरक प्रयोगशाळेतच कळतो. 0.3 टक्क्यांची रेषाही निसर्गाने आखलेली नाही. 1976 मध्ये दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी वर्गीकरणाच्या सोयीसाठी ती सुचवली आणि पुढे अनेक देशांच्या कायद्यांनी ती उचलली.

‘सटायव्हा’ आणि ‘इंडिका’ ही बाजारातली नावेही फारशी भरवशाची नाहीत. 2021 मध्ये ‘नेचर प्लांट्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही लेबले झाडांच्या एकूण जनुकीय नात्याशी जुळली नाहीत; काही मोजक्या सुगंधी द्रव्यांशी तेवढा त्यांचा संबंध दिसला. नावावर विसंबून बी घेणारा फसण्याचीच शक्यता जास्त.

त्याहून मोठा धोका दिवसाच्या लांबीचा. हे झाड दिवस लहान होऊ लागले की फुलोऱ्यावर येते. युरोपातले धाग्याचे वाण सोळा-सोळा तासांच्या उन्हाळी दिवसांवर पोसलेले असतात. पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. इथे लावलेले असे वाण उंची गाठण्याआधीच फुलतात आणि हाती धागा फारसा लागत नाही. शिवाय परागकण वाऱ्यावर दूरवर जातात. शेजारच्या रानातल्या नराने पीक फळवले, तर पुढच्या पिढीचे टीएचसी किती असेल याची खात्री उरत नाही. ते रेषेच्या वर गेले, तर परवानाधारक शेतकरीही गुन्हेगार ठरू शकतो.

हे ज्ञान आपल्याकडे कधीच नव्हते असे नाही. 1893-94 च्या ब्रिटिश आयोगाने या पिकाची देशभर पाहणी केली, तेव्हा मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्ह्यात त्याची लागवड होत असे. बंगालमधल्या नौगाव भागात तर नर झाडे वेळीच ओळखून उपटणारे खास पारखी असत. बंदीबरोबर ही नजरही गेली.

परवान्याला विरोध करणाऱ्यांची भीती खोटी नाही. उसात किंवा तुरीत लपवलेल्या गांजाच्या बातम्या येतच असतात. धाग्याच्या शेताआड नशेचे पीक उभे राहिले, तर पोलिसांनी ते ओळखायचे कसे? जास्त टीएचसीच्या गांजाचा किशोरवयीन मेंदूवर होणारा परिणाम आणि मनोविकाराचा वाढणारा धोका हेही गंभीरच आहे. पण ही भीतीसुद्धा वाणांच्या अभ्यासाची गरजच सांगते. ज्याचा वाण माहीत नाही, त्यावर देखरेख कशी ठेवणार?

म्हणून परवान्यांची घोषणा नंतर, चाचण्या आधी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारख्या संस्थेत, बंदिस्त प्रक्षेत्रावर, सरकारी देखरेखीखाली देशी आणि परदेशी वाण चार-पाच हंगाम लावून पाहावेत. फुलोरा कधी येतो, धागा किती निघतो, टीएचसी किती राहते, याच्या नोंदी जाहीर कराव्यात. आकडे प्रतिकूल निघाले, तर ‘हे पीक महाराष्ट्राचे नाही’ असे सांगण्याची तयारीही ठेवावी. अनुकूल निघाले, तर प्रमाणित बियाण्याशिवाय एकही परवाना देऊ नये. भाताच्या नव्या वाणाला आपण जेवढी परीक्षा देऊ लावतो, तेवढी तरी ज्या पिकात शेतकऱ्याला तुरुंगाची भीती आहे त्याला लावायलाच हवी.