‘नशिबाने वाचले’ म्हणू नका

गेल्या महिन्यात विहारात वंदना झाल्यावर एका ताईंनी आपला हात दाखवला. त्या एका रुग्णालयात कंत्राटावर सफाईचे काम करतात. कचऱ्याची पिशवी उचलताना आतली सुई हातमोजा फाडून गेली, पण कातडीला लागली नाही. “नशीब बघा सिस्टर, थोडक्यात वाचले,” असे म्हणून त्या हसल्या. आम्हाला मात्र हसू आले नाही.

आम्ही परिचारिका म्हणून वॉर्डात वर्षे काढली आहेत. घाईत सुई चुकीच्या पिशवीत टाकणाऱ्यांत आम्हीही होतो. ती पिशवी कोणाच्या हाताने खाली जाते, याचा विचार तेव्हा केला नाही. सुई टोचली नाही की कोणी बोलत नसे, टोचली की धावपळ. खरे तर बोलण्याची वेळ आधीचीच होती.

कारणाशिवाय काही घडत नाही, ही तथागतांची शिकवण. मग अपघात टळला तर ते नशीब कसे? सुयांचा डबा भरून वाहत असेल, किंवा वॉर्डात डबाच नसेल. हे कारण तसेच राहिले, तर उद्या दुसऱ्या मावशीला सुई टोचणारच. थोडक्यात टळलेला अपघात ही फुकट मिळालेली सूचना असते. ती हसण्यावारी घालवू नका.

जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम स्पष्ट आहेत. सुया पांढऱ्या, सुई आरपार जाणार नाही अशा डब्यातच जायला हव्यात. कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, हातमोजे आणि वर्षातून एकदा तपासणी देणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. कंत्राटी कामगारही त्यात आले. सुई टोचलीच तर जखम पिळू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. एचआयव्ही रोखणारे औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावे, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही.

गटार आणि सेप्टिक टँकची गोष्ट आणखी गंभीर. तिथल्या विषारी वायूला आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. वायू वाढला की नाकच बधिर होते आणि वास गेला असे वाटते. चक्कर येऊन बाहेर काढलेल्या भावाला घरात “वाचला बिचारा” म्हणून गप्प बसू नका. संरक्षक साधनांशिवाय माणसाला आत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. मृत्यूनंतर ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. पण आपल्याला भरपाई नको, माणूस हवा.

“बोललो तर मुकादम उद्यापासून येऊ नको म्हणेल,” ही भीती खोटी नाही. म्हणून एकटीने बोलू नका. पाच-दहा जणींच्या सह्यांचा अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. अर्जात कोणा सिस्टरचे किंवा सोबतिणीचे नाव नको. कोणी केले यापेक्षा का घडले ते लिहा. नाव घेतले की पुढच्या वेळी सगळे लपवतात. आणि धोका दाखवणे आपले काम असले, तरी तो दूर करणे मालकाचे काम आहे, हे विसरू नका.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामगाराचे आरोग्य त्यांनी मालकाच्या दयेवर सोडले नाही, कायद्यात आणले. तो कायदा वापरायचा तर आपल्याकडे नोंद हवी.

आम्ही विहारात एक वही ठेवली आहे. काय घडले, का घडले, कशाने थांबेल, कोणाला कळवले, एवढे चारच रकाने. लिहिता येत नसेल तर सांगा, आमची शाळकरी मुले लिहून देतील. पहिली नोंद त्या ताईंच्या फाटलेल्या हातमोज्याची आहे. तुमच्या वस्तीच्या विहारातही अशी वही सुरू करा.

जयभीम.