युलिसिसची भिंत आणि आपल्या कोऱ्या भिंती

मांडव्याच्या धक्क्यावर सायंकाळी उभे राहावे. मुंबईहून परतणाऱ्यांची पावले घराच्या ओढीने झपाझप पडताना दिसतात. समुद्र ओलांडून घरी येणे हा या किनाऱ्याचा नित्याचा अनुभव. घरी परतण्याचीच एक प्राचीन कथा फ्रान्समधील नीस येथील विधी महाविद्यालयाने आपल्या भिंतीवर जडवून घेतली आहे.

मार्क शगाल या आधुनिक चित्रकाराचे 'युलिसिसचा संदेश' हे मोझेक तेथे १९६८ मध्ये साकारले. लांबी सुमारे ११ मीटर, उंची ३ मीटर. चित्र शगालचे, रंगीत तुकडे एकेक करून बसवले ते लिनो मेलानो या कारागिराने. शगाल जन्माने ज्यू. नाझींच्या भयाने १९४१ मध्ये फ्रान्स सोडून तो अमेरिकेत गेला आणि १९४८ मध्ये परतला. भटकंती आणि परतणे त्याने स्वतः भोगले होते. त्याने होमरची ग्रीक कथा चितारली, तीही १९०५ मध्ये धर्म व शासन यांची कायद्याने फारकत करणाऱ्या देशात. त्यामुळे तेथील निधर्मिता बाटली नाही!

आपल्याकडे तरी वेगळे काय होते? संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीत नंदलाल बोस व त्यांच्या सहकाऱ्यांची चित्रे आहेत. मूलभूत हक्कांच्या भागारंभी लंकाविजयानंतरचे राम, सीता, लक्ष्मण. मार्गदर्शक तत्त्वांच्या आरंभी गीतोपदेश. आपले किती विधी विद्यार्थी ही चित्रे रोज पाहतात?

दोष केवळ शासनाचा नाही. एखादे चित्र खटकले की आपण संतापतो. पण समर्थ चित्रकाराला बोलावून, 'ही भिंत घ्या, समुद्रमंथन तुमच्या दृष्टीने रंगवा' असे आपल्यापैकी कितीजण म्हणतात? उत्सवाला आपण फ्लेक्स लावतो आणि पहिल्या पावसात त्याच्या चिंध्या होतात. याच रायगड जिल्ह्यातील घारापुरीत मात्र सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी पाषाणात कोरलेला गंगाधर शिव आजही उभा आहे. त्या शिल्पींना कोणीतरी आश्रय दिला होता.

मांडव्याच्या धक्क्यावर रोज हजारो डोळे येतात-जातात. तेथे एक भिंत, एक कलावंत आणि थोडा लोकवर्गणीचा निधी, एवढे जमवणे अशक्य आहे काय?