खरखर कुठून येते?

मुलांनो, रेडिओ तुम्हां सगळ्यांना माहीत आहे. पण ‘ट्यूनर म्हणजे काय’ असं विचारलं की वर्गातले बरेच हात खाली राहतात. ट्यूनर म्हणजे अर्धा रेडिओच समजा. हवेतल्या शेकडो लहरींतून आपल्याला हवं ते केंद्र वेगळं काढायचं, एवढंच त्याचं काम. त्याच्या पोटात स्पीकर नसतो. तो आवाज मोठा करायला अ‍ॅम्प्लिफायर लागतो आणि ऐकवायला स्पीकर. म्हणून नुसता ट्यूनर विकत आणून कुणी बटण दाबलं, तर दिवा लागेल, गाणं नाही.

आमच्या पाचवीतल्या एका मुलीच्या घरी हा प्रश्न खराच उभा राहिला. तिच्या आजीला आता नीट दिसत नाही. टीव्ही तिच्या काही कामाचा नाही, दिवसभराची सोबत रेडिओचीच. पण त्यांच्या छोट्या रेडिओत एवढी खरखर, की आजी म्हणायची, “डोकं उठतंय बाई, बंद कर ते.” वडिलांनी सोलापुरात एका दुकानी जुना ट्यूनर बघितला, किंमत दीड हजार. अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर घरात धूळ खात पडलेलेच होते. पण दीड हजार म्हणजे त्यांची तीन-चार दिवसांची मजुरी. मुलगी मला विचारायला आली, “गुरुजी, घ्यावा का वो?”

मी म्हटलं, आधी खरखर कुठून येते ते बघू. दुकानदार भला माणूस, दोन दिवस ट्यूनर घरी नेऊ दिला.

आता थोडं विज्ञान. मध्यम लहरींवर, म्हणजे मीडियम वेव्हवर, आवाजाप्रमाणे लहरीची उंची कमी-जास्त होते. वीज चमकली, शेजारी मोटार सुरू झाली, तरी उंचीतच गडबड होते आणि रेडिओ तीही इमानदारीने ऐकवतो. एफएमवर उंची तीच राहते, कंपनांची संख्या कमी-जास्त होते. उंचीत काही मिसळलं तर रेडिओ ते सरळ छाटून टाकतो. ही युक्ती अमेरिकेतल्या एडविन आर्मस्ट्राँग यांची, १९३३ मध्ये त्यांना तिचे पेटंट मिळाले. आपल्या देशात एफएम सुरू झालं ते २३ जुलै १९७७ रोजी, मद्रासला.

दुसरा फरक आवाजाच्या बारकाव्याचा. मध्यम लहरींवर केंद्रं दाटीवाटीने बसवलेली असतात, दोघांत अंतर फक्त ९ किलोहर्ट्झ. त्यामुळे सेकंदाला साधारण साडेचार-पाच हजार कंपनांच्या वरचा आवाज कापला जातो. एफएमवर तो १५ हजारांपर्यंत येतो. तुळजापूरच्या गोंधळाचं उदाहरण घ्या. संबळाचा घुमारा दोन्हीकडे बरा येतो. पण झांजेची किणकिण आणि तुणतुण्याच्या तारेची धार ही त्या वरच्या कंपनांत असते. मीडियम वेव्हवर झांज पत्र्याच्या डब्यावाणी वाजते ती याचमुळे.

तर मुलीच्या घरी ट्यूनर जोडला, धाराशिवचं आकाशवाणी केंद्र लावलं, आणि... खरखर! आजी हसायला लागली. वडिलांचं तोंड उतरलं.

दोष ट्यूनरचा नव्हता. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. त्यांचं घर बालाघाटच्या डोंगराच्या आड, खोलगट जागी. त्यात अँटेना म्हणून लावलेली वीतभर तार फडताळामागे लोंबत होती. (मोबाइलवर एफएम ऐकताना इअरफोन का लावावा लागतो, सांगा बरं? त्याची तारच अँटेनाचं काम करते.)

मग आम्ही गणित मांडलं. ३०० ला केंद्राच्या मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. १०० मेगाहर्ट्झ धरा, लांबी आली ३ मीटर. तिचा चौथा हिस्सा ७५ सेंटिमीटर. तारेत हे माप किंचित कमी धरावं लागतं, म्हणून ७१. दोन पदरी तारेचे पदर तेवढे उसवले, कळकाच्या कामटीवर इकडे-तिकडे पसरून बांधले, आणि इंग्रजी टी अक्षरासारखी ती कामटी माळवदावर चढवली. कामटीचं टोक केंद्राकडे ठेवायचं नाही, तिची आडवी बाजू केंद्राकडे करायची. खालून मुलगी ओरडत होती, “अजून थोडं, अजून थोडं... हां, हितंच!” स्टिरिओचा लाल दिवा लागला आणि लागलेलाच राहिला.

गाण्याला आवाज छान भरला. बातम्यांच्या वेळी मात्र मागे बारीक सूं सूं उरली होती. तेव्हा मोनोचं बटण दाबलं, तीही गेली. असं का? स्टिरिओत डाव्या-उजव्या आवाजातला फरक जास्त कंपनांच्या लहरीवर बसवून पाठवतात, आणि केंद्र दुबळं असलं की तिथेच गोंगाट जास्त शिरतो. बातम्या सांगणाऱ्याला डावं-उजवं कशाला पाहिजे?

त्या ट्यूनरचं मीडियम वेव्ह मला काही पसंत पडलं नाही. तोंडात कापूस धरून बोलल्यासारखं. पुष्कळ स्वस्त ट्यूनरांत त्या भागावरच काटकसर केलेली असते. तरी एफएमसाठी दीड हजार वाजवी वाटले आणि त्यांनी तो घेतला. पालकांनी जुना ट्यूनर घेताना एवढं बघावं: अर्धा तास चालू ठेवून केंद्र आपोआप सरकतं का, आणि बटण फिरवताना खर्र होतं का. चकाकणाऱ्या दिव्यांचे पैसे देऊ नयेत.

छोटा बॅटरीचा रेडिओ मात्र मी त्यांना विकू दिला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या भागात भूकंप झाला, तेव्हाच्या गोष्टी आपल्याकडे घरोघर सांगतात. अशा वेळी वीज जाते, आणि ट्यूनर विजेशिवाय मुका. वळवाच्या पावसात आभाळ भरून येण्याआधी माळवदावरच्या तारेचं टोक ट्यूनरमधून काढून ठेवायचं, हे कामही त्या मुलीकडेच दिलंय.

आता तुम्ही आपल्या केंद्राचा आकडा बघा, ३०० ला त्याने भागा, आणि तार किती कापावी लागेल ते वहीत मांडून आणा.