चिकलठाण्याचे विमान तिकीट : दराची शिडी उघड करा

प्रति,
मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए), नवी दिल्ली
(मा. जिल्हाधिकारी, छत्रपती संभाजीनगर यांच्यामार्फत)

विषय : छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून सुटणाऱ्या विमानांचे तिकीटदर, ऑनलाइन आरक्षणातील लपवाछपवी आणि परतावा याबाबत

दिनांक : डिसेंबर २०२५

महोदय,

छत्रपती संभाजीनगरहून विमानाने जायचे ठरले की घरात आधी मोबाइलची बैठक भरते. एका फोनवर विमान कंपनीचे संकेतस्थळ, दुसऱ्यावर दोन-तीन बुकिंग ॲप, तिसऱ्यावर पुण्याहून सुटणाऱ्या विमानाचे दर; आणि मुंबईच असेल तर वंदे भारतमध्ये जागा आहे का, याचीही चाचपणी. शिर्डीचा काकडी विमानतळ शंभरेक किलोमीटरवर, पुणे सव्वादोनशेच्या पुढे. तिकिटात वाचलेले पैसे टॅक्सीत जाणार की खिशात राहणार, याचा हिशेब मांडला जातो. चौघांची नावे, वये, आधारवरचे स्पेलिंग असे सगळे भरून पैसे भरायच्या पानावर यावे, तर ‘दर बदलला आहे’ अशी पाटी पुढे येते.

स्वस्त तिकिटाचे तोडगे सांगणाऱ्यांची शहरात वानवा नाही. मंगळवारी रात्री बघा, ब्राउझरची हिस्ट्री पुसून बघा, बायकोच्या फोनवरून बघा! यातले बहुतेक ऐकीव. खरोखर उपयोगी पडतात त्या गोष्टी साध्या आहेत : तारीख मागेपुढे करण्याची तयारी, दिवाळी आणि मे महिन्याची गर्दी टाळणे, लवकर आरक्षण, आणि पुढे परदेशी जायचे असेल तर संपूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर. मुंबईपर्यंतचे तिकीट वेगळे आणि तिथून अमेरिकेचे वेगळे काढून काही हजार वाचवले, आणि चिकलठाण्याचे विमान उशिरा सुटले, तर पुढच्या विमानाची जबाबदारी कुणावरच नसते. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आईवडिलांना हे कुणी तरी आधी सांगायला हवे. पण ज्या शहरातून दिवसाला मोजकीच विमाने सुटतात, तिथे प्रवाशाने कितीही हुशारी केली तरी तिला मर्यादा आहे. तारीख बदलता येते. विमानच एक असेल तर पर्याय कुठला बदलायचा? म्हणून या निवेदनातील मागण्या प्रवाशाकडे नव्हेत, नियामकाकडे आहेत.

या शहराला विमानाची गरज नाही, असे कोणी म्हणणार नाही. वाळूजला १९८५ पासून बजाज ऑटो आहे, शेंद्र्याला स्कोडा आहे, शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक वसाहतीत मोठ्या वाहन कंपन्यांनी गुंतवणूक जाहीर केली आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ येथे आहे. वेरूळ आणि अजिंठा १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, आणि बौद्ध लेणी पाहायला जपान, कोरिया, थायलंडहून येणारा पर्यटक दिल्ली किंवा मुंबईत विमान बदलूनच चिकलठाण्याला उतरतो. मराठवाड्याच्या इतर जिल्ह्यांतील रुग्ण, विद्यार्थी आणि व्यापारीही हाच विमानतळ वापरतात.

तरीही शहराच्या विमानसेवेचा इतिहास धरसोडीचा आहे. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेज बंद पडली आणि मुंबईचा हक्काचा पर्याय एका रात्रीत गेला. फेब्रुवारी २०२० मध्ये इंडिगो आली; पाठोपाठ कोरोना आला. हैदराबादला जोडणारी ट्रूजेट २०२२ च्या सुरुवातीला थांबली. आज भिस्त मुख्यतः इंडिगो आणि एअर इंडिया या दोन कंपन्यांवर आहे. एखाद्या मार्गावर एकच कंपनी उरली की तिथे बाजारभाव नावाची गोष्ट राहत नाही. कंपनी म्हणेल तो भाव.

आता मूळ मुद्दा. विमान तिकिटाचे दर १९९४ मध्ये हवाई महामंडळ कायदा रद्द झाल्यापासून सरकार ठरवत नाही. विमान नियम १९३७ मधील नियम १३५ कंपन्यांना स्वतः दर ठरवण्याची मुभा देतो. मात्र चालवण्याचा खर्च, सेवेचे स्वरूप, वाजवी नफा आणि प्रचलित दर यांचा विचार करूनच ते ठरवावेत, असेही सांगतो. ‘वाजवी’ हा शब्द नियमातच आहे. शिवाय प्रत्येक मार्गाचे किमान ते कमाल दर टप्प्याटप्प्याने संकेतस्थळावर लावण्याचे बंधन डीजीसीएने २०१० पासून घातलेले आहे. कंपन्या ते पाळतातही. पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, एक लांबलचक तक्ता सापडतो.

त्या तक्त्यात दरांची शिडी दिसते, पण तिच्या कुठल्या पायरीवर किती जागा ठेवल्या आहेत, ते दिसत नाही. एअरबस ए-३२० मध्ये १८० च्या आसपास जागा असतात, एटीआरमध्ये सत्तरच्या वर. त्यातल्या सर्वांत स्वस्त दराच्या जागा दहा होत्या, दोन होत्या की एकही नव्हती, हे कंपनीशिवाय कोणाला ठाऊक नसते. ‘अमुक रुपयांपासून पुढे’ अशी जाहिरात करायला एक जागाही पुरते.

मागणीनुसार दर चढवणे हाच मुळात अन्याय आहे, असे निवेदनकर्त्यांचे म्हणणे नाही. रेल्वेनेही ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी आणि दुरांतोला फ्लेक्सी भाडे लावले. त्यावर टीका झाली, ती रास्तही होती. परंतु त्याचा नियम कोणालाही वाचता येतो : दर दहा टक्के जागा भरल्या की मूळ भाडे दहा टक्क्यांनी वाढते आणि ते १.४ पटीच्या वर जात नाही. खासगी ट्रॅव्हल्ससाठीही राज्य शासनाने एप्रिल २०१८ मध्ये एसटी भाड्याच्या दीडपटीची मर्यादा घातली. दिवाळीत ती किती पाळली जाते, हे पुण्याहून गावी येणाऱ्या कोणत्याही मुलाला विचारावे; पण मर्यादा आहे म्हणून तक्रार तरी करता येते. विमानाच्या बाबतीत तक्रार कशाच्या आधारावर करायची, हेच प्रवाशाला कळत नाही.

म्हणून पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी अशी : ज्या मार्गांवर एक किंवा दोनच कंपन्या आहेत, तेथे प्रत्येक दरटप्प्यात किती टक्के जागा विकल्या गेल्या, याचा मासिक तपशील कंपन्यांनी डीजीसीएला द्यावा आणि डीजीसीएने तो जाहीर करावा. महासंचालनालयाचा दर देखरेख कक्ष ठरावीक ७८ मार्गांवर लक्ष ठेवतो. त्या यादीत चिकलठाण्याचे मार्ग नसतील तर घ्यावेत. असतील तर त्यांचे निष्कर्ष प्रवाशांसमोर ठेवावेत. देखरेख कार्यालयातल्या फाइलमध्येच राहणार असेल, तर प्रवाशाला तिचा उपयोग नाही.

दुसरी मागणी कमाल दराची. सरकारला हे करता येत नाही, असे कोणी सांगू नये. २५ मे २०२० ते ३१ ऑगस्ट २०२२ या काळात देशभर किमान-कमाल दर लागू होते. या महिन्यात इंडिगोचे वेळापत्रक कोलमडले, एका दिवसात हजारावर विमाने रद्द झाली आणि इतर कंपन्यांचे दर आकाशाला भिडले, तेव्हा ६ डिसेंबर रोजी मंत्रालयाने अंतरानुसार मर्यादा घातली : ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,००० पर्यंत १२,००० आणि १,५०० पर्यंत १५,०००, त्यापुढे १८,०००, कर आणि विमानतळ शुल्क वेगळे. संकटात मर्यादा घालता येते, तर दर दिवाळीला का येत नाही? संसदेच्या परिवहन, पर्यटन व संस्कृतीविषयक स्थायी समितीनेही फेब्रुवारी २०२४ मध्ये मार्गनिहाय कमाल दर आणि त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा सुचवली होती.

मात्र ही मर्यादा शहाणपणाने आखली पाहिजे. संभाजीनगर ते मुंबई हवाई अंतर सुमारे २८० किलोमीटर. ५०० किलोमीटरचा सरसकट टप्पा धरला तर जवळपास दुप्पट अंतराच्या मार्गाला आणि या मार्गाला एकच कमाल दर लागतो, हे बरोबर नाही. उलट, कमाल दर फार खाली ओढला तर तोट्यातला मार्ग सोडून कंपनी निघून जाईल, आणि या शहराने ते अनुभवले आहे. स्वस्ताई सक्तीने आणता येत नाही, हे निवेदनकर्त्यांना मान्य आहे. त्यांना हवी आहे ती छपराची उंची आधीच ठाऊक असण्याची खात्री : किमान दराच्या किती पट कमाल दर असू शकतो, हे मार्गागणिक ठरवून वर्षभर लागू ठेवावे.

तिसरी गोष्ट पडद्यावरच्या किमतीची. पहिल्या पानावर एक आकडा, शेवटच्या पानावर दुसरा. मधे सुविधा शुल्क येते, तेही माणशी आणि प्रत्येक फेरीला. आसन निवडायच्या पानावर सगळ्या खुर्च्यांवर किमती लिहिलेल्या आणि ‘निवड न करता पुढे जा’ हे वाक्य फिकट रंगात कोपऱ्यात. मग प्रवास विमा. तो नको म्हटले तर ‘मी धोका पत्करतो’ अशा अर्थाचे बटण. वर ‘या दरात दोनच जागा शिल्लक’ ही घाई. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ क्लृप्त्यांना डार्क पॅटर्न ठरवून मनाई केली. किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे, न मागितलेली वस्तू बिलात टाकणे, खोटी घाई निर्माण करणे आणि नकार देणाऱ्याला शरमिंदे करणे, हे चारही प्रकार त्या यादीत आहेत. तेव्हा नवा नियम नको, आहे तो लागू करावा. कर आणि सक्तीची सर्व शुल्के धरून एकच आकडा पहिल्या पानावर दिसावा, आणि जादा सेवा प्रवाशाने स्वतः खूण केल्याशिवाय बिलात येऊ नये.

परताव्याचे दुखणे जुने आहे. ‘नॉन-रिफंडेबल’ हा शब्द वाचून अनेक जण रद्द केलेल्या तिकिटाचे पैसे मागतच नाहीत. प्रत्यक्षात डीजीसीएच्या नियमानुसार अशा तिकिटावरील कर, वापरकर्ता विकास शुल्क आणि प्रवासी सेवा शुल्क परत करावेच लागते, आणि रद्दीकरणाचे शुल्क मूळ भाडे अधिक इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही. हे वाक्य प्रत्येक तिकिटावर मराठीतून ठळक छापावे, एवढेच केले तरी लोकांचा पैसा वाचेल. पोर्टलवरून काढलेल्या तिकिटाचे तर विचारूच नये. कंपनी म्हणते पोर्टलला विचारा, पोर्टल म्हणते कंपनीकडून पैसे आले नाहीत. टाळेबंदीतील तिकिटांचे पैसे परत करण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १ ऑक्टोबर २०२० ला आला. तरी ‘यात्रा’ या पोर्टलकडे अडकलेल्या सुमारे अडीच कोटी रुपयांसाठी ग्राहक प्राधिकरणाला जून २०२४ मध्ये आदेश काढावा लागला. डीजीसीएच्या नोव्हेंबर २०२५ च्या मसुद्यात एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारी थेट विमान कंपनीवर टाकली असून २१ कामकाजी दिवसांची मुदत सुचवली आहे. आरक्षणानंतर ४८ तास विनाशुल्क फेरविचाराची तरतूदही त्यात आहे. कंपन्यांच्या दबावाखाली हा मसुदा पातळ होऊ नये.

हज यात्रेकरूंचा प्रश्न या निवेदनातून वगळणे अयोग्य ठरेल. २०२३ मध्ये येथून निघणाऱ्या यात्रेकरूला मुंबईहून निघणाऱ्यापेक्षा सुमारे ८८ हजार रुपये जादा मोजावे लागले. आयुष्यभराची पुंजी गाठीला बांधून निघणाऱ्या माणसाला घराजवळच्या विमानतळावरून निघाल्याचा हा दंड आहे. या फरकाला वाजवी मर्यादा असावी आणि तो अर्ज भरण्यापूर्वी जाहीर व्हावा.

याखेरीज, वेळापत्रकात मंजूर झालेली सेवा बंद करायची असल्यास किमान ६० दिवस आधी जाहीर सूचना बंधनकारक करावी. चिकलठाणा विमानतळावर परतावा आणि तक्रारींसाठी मराठी बोलणारा माणूस असलेला मदत कक्ष असावा. आणि कंपन्यांचे खरे हेल्पलाइन क्रमांक टर्मिनलमध्ये ठळक लावावेत. परतावा मिळवण्यासाठी इंटरनेटवर नंबर शोधायचा आणि भामट्याच्या हाती ओटीपी द्यायचा, असे प्रकार होत असतात. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि सायबर फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांकही त्याच फलकावर यावेत.

वरील मागण्यांवर केलेल्या कार्यवाहीची माहिती ३० दिवसांत लेखी स्वरूपात द्यावी आणि मार्चअखेर लागू होणाऱ्या उन्हाळी वेळापत्रकापूर्वी संभाजीनगरच्या मार्गांचा दर-तपशील जाहीर करावा, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
छत्रपती संभाजीनगर व मराठवाड्यातील हवाई प्रवासी

प्रत माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी :
मा. मुरलीधर मोहोळ, केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री
मा. मुख्य आयुक्त, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, नवी दिल्ली
मा. विमानतळ संचालक, चिकलठाणा