निरक्षरांचे वाङ्मय

मराठी वाङ्मयाचा इतिहास आपण मुकुंदराज, म्हाइंभट, ज्ञानेश्वर अशा क्रमाने शिकतो. लोकसाहित्याला बहुधा मागे एखादे निराळे प्रकरण मिळते. जणू ओसरीवर बसवलेली पाहुणीच! माझ्या मते, ती पाहुणी नसून घरातली सर्वांत थोरली बाई आहे.

याला जुना आधार आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. 'ज्ञानेश्वरी' १२९० सालची. म्हणजे तिच्या सुमारे दीडशे वर्षे आधी ओवी उखळाजवळ नांदत होती.

असे केवळ आपल्याकडेच घडले नाही. फिलिपाइन्समध्ये सोळाव्या शतकात स्पॅनिश सत्ता आली. त्याआधी तेथे 'बायबायिन' ही लिपी होती. पण मोठमोठी कथाकाव्ये लोकांच्या मुखीच होती. तेथील इफुगाव लोक 'हुधुद' ही दीर्घ गाणी भातपेरणीला, कापणीला आणि मयताच्या जागरणाला गातात. मुख्य गायिका बहुधा एखादी वयस्कर स्त्री असते. युनेस्कोने २००१ मध्ये या गाण्यांचा मानवजातीचा वारसा म्हणून गौरव केला. पण कापणीला यंत्र आले आणि गाण्याची वेळच हरपू लागली. आपल्याकडे पिठाच्या गिरणीने हेच केले.

जाते परत यावे, असे मी मुळीच म्हणत नाही. पहाटे उठून दळण्याचे कष्ट कुणाच्याही वाट्याला येऊ नयेत. पण त्या कष्टातच बायकांना बोलायला जागा मिळाली. सासुरवास, भाऊ, पंढरी, सीतेचा वनवास आणि पुढे बाबासाहेबसुद्धा त्यांच्या ओवीत आले. 'तेच तेच पुन्हा म्हणतात,' असा काहींचा आक्षेप असतो. परंतु वही नसलेल्या माणसाला लक्षात ठेवण्याचे दुसरे साधन कोणते? आणि एकाच पहिल्या ओळीला दोन बाया वेगवेगळी दुसरी ओळ जोडतात, ती काय नुसती घोकंपट्टी?

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत आपल्या शिरूर तालुक्यातील सविंदण्याच्या बायांच्याही ओव्या आहेत. फ्रान्सहून आलेल्या माणसाने ज्यासाठी आयुष्य वेचले, ते आपल्या अंगणात असून आपण विचारूही नये?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आमच्यासारख्यांना 'घरी वाङ्मयाचा वारसा नाही' असे सहज ऐकवले जाते. वाचनाचा वारसा नसेल. वाङ्मयाचा खचित आहे. अक्षर न ओळखणाऱ्या आज्यांनीच तो सांभाळला.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, माझी एक सूचना आहे. शिरूर-दौंडच्या गावांतून येणाऱ्या प्रत्येकाने या सुट्टीत आपल्या आजीच्या, शेजारच्या मावशीच्या निदान दहा ओव्या उतरवून घ्याव्यात. त्यांची परवानगी घ्यावी, गायिकेचे नाव आणि गाव लिहावे, बोली मात्र 'सुधारू' नये. प्राध्यापकांनी त्या तपासाव्यात आणि पुढील वर्षीच्या या अंकात त्यांना पाने द्यावीत. मागच्या बाजूला नव्हे, आरंभी. हे काम लांबणीवर टाकता येणार नाही, कारण जात्यावर बसलेल्या बाया आता थोड्याच उरल्या आहेत.