एक मोटार, अनेक इंजिने

मोटारगाडीची पारख पुष्कळदा तिच्या रंगावरून व बैठकीवरून केली जाते. परंतु तिचा खरा स्वभाव तिच्या इंजिनात असतो. याचे उत्तम उदाहरण म्हणजे ॲम्बॅसॅडर. इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावर घडलेली ही प्रशस्त कुटुंबगाडी पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यात २०१४ पर्यंत तयार होत असे.

बाह्यरूप फारसे न पालटता तिने निरनिराळी इंजिने धारण केली. १४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन दुरुस्तीस सोपे. गावोगावच्या मिस्त्रीला ते अंगवळणी पडलेले. त्याच आकारमानाचे डिझेल इंजिन ठिणगीवाचून, केवळ दाबाने तापलेल्या हवेत इंधन पेटवी. त्याला इंधन थोडे पुरे. पण शक्ती चाळीस अश्वशक्तीच्याही आत. भरल्या गाडीनिशी अनमोडसारखा घाट चढणे हे त्याच्या दृष्टीने कष्टाचेच काम. पुढे १९९० नंतरच्या दशकात आलेल्या १.८ लिटरच्या इसुझू पेट्रोल इंजिनाने सुमारे ७५ अश्वशक्ती देऊन ही उणीव भरून काढली.

तरीही भाड्याची मोटार चालविणाऱ्यांना डिझेलचाच ओढा असे. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. सरकारने ऑक्टोबर २०१४ पर्यंत डिझेलचा दर नियंत्रणाखाली ठेवून तो पेट्रोलहून स्वस्त राखला होता. ज्याचा संसार रोजच्या भाड्यावर चालतो, त्याने दुसरे काय निवडावे?

परंतु या हिशेबात एक रकाना कोराच राहिला. जुन्या डिझेल इंजिनाचा काळा धूर मालकाच्या वहीत मांडला जात नसे. तो जाई रस्त्याकडेच्या फळवाल्याच्या व शाळेच्या वाटेने चालणाऱ्या मुलांच्या फुफ्फुसांत. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हा धूर कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा दिला.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की वर्षाकाठी थोडाच प्रवास करणाऱ्या कुटुंबाने केवळ स्वस्ताईच्या मोहाने डिझेल गाडी घेणे योग्य नव्हते. तिची मूळ किंमत अधिक, आणि थोड्या प्रवासात ती भरून निघणेही कठीण. पोटासाठी गाडी चालविणाऱ्यास मात्र स्वच्छ इंधन परवडेल असे करणे, हे राज्यकर्त्यांचे कर्तव्य होते.

विद्यार्थिमित्रहो, उद्या तुम्हीही वाहने घ्याल. त्या वेळी वेग व खर्च यांची चौकशी अवश्य करा. परंतु आपल्या मागे धुरात कोण उभे आहे, हेही एकदा वळून पाहा.