दोन बोटांची अक्कल

गेल्या महिला दिनाला एका जिल्ह्याच्या ठिकाणी कार्यक्रमाला गेले होते. विषय होता ‘स्त्री आणि मनःशांती’. व्याख्याते ध्यानाचे वर्ग घेणारे गृहस्थ होते. तासभर ते बोलले. राग आपल्या आतच असतो, बाहेरच्याला दोष देऊ नका, श्वासाकडे बघा, घर आपोआप शांत होईल, असा एकूण सूर. शेवटी मागच्या रांगेतल्या एका बाईने विचारले, “नवरा दारू पिऊन मारतो, तेव्हा काय करायचं?” उत्तर आले, “तेव्हाही श्वासाकडेच बघायचं, ताई.” टाळ्या पडल्या. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची लाज वाटते म्हणून हा लेख.

श्वासाकडे बघण्याबद्दल माझी तक्रार नाही. मी स्वतः गेली काही वर्षे रोज बघते. माझी तक्रार आहे ती बुद्धाचे नाव घेऊन बाईला गप्प बसवण्याबद्दल. बुद्धाची जी शिकवण मला उमगली, ती बाईला आतून जे कळलेले असते त्यावर उभे राहायला शिकवते. सहन करायला नव्हे.

हे मला उशिरा कळले, आणि त्याची किंमत दुसऱ्याच बाईने मोजली. एम.एस.डब्ल्यू. करून मी एका समुपदेशन केंद्रात लागले, त्याला तेव्हा दोन वर्षे झाली होती. एका केसमध्ये नवरा, सासू, दीर सगळे आले. नवऱ्याने माफी मागितली, पुन्हा हात उचलणार नाही असे स्टँप पेपरवर लिहून दिले. मी बाईला सही करायला सांगितले. ती म्हणाली, “ताई, लिहून दिलंय ते बरोबरच असंल. पण माझ्या पोटात नुसतं कालवतंय. मला नका पाठवू.” मी तिला समजावले. फाईलमध्ये लिहिले, ‘तक्रारदार महिलेच्या मनात अवास्तव भीती आहे.’

खरे सांगायचे तर, नवरा माफी मागत असताना त्याने शेजारी बसलेल्या मुलीचे मनगट इतके आवळून धरले होते की तिची बोटे पांढरी पडली होती. ते मी पाहिले होते. माझ्याही पोटात काहीतरी हलले होते. पण तिमाही अहवालात ‘तडजोड’ या रकान्यातला आकडा एकाने वाढणार होता. अकराव्या दिवशी ती परत आली. हात प्लास्टरमध्ये होता. एवढेच म्हणाली, “मी सांगितलं होतं ना, ताई.”

तिला कळले होते. मलाही कळले होते. दोघींच्या कळण्याला किंमत नव्हती, किंमत होती ती स्टँप पेपरला.

बाईच्या कळण्याला किंमत न देण्याची रीत फार जुनी आहे. थेरीगाथा हा भिक्षुणींच्या पाली रचनांचा संग्रह. त्यात सोमा नावाची थेरी भेटते. बिंबिसार राजाच्या पुरोहिताची ही मुलगी, असे परंपरा सांगते. ती ध्यानाला बसली असताना मार तिला डिवचायला येतो. ऋषींनाही जे मिळवणे कठीण, ते दोन बोटांची अक्कल असलेल्या बाईला कसे मिळणार, असा त्याचा टोमणा. दोन बोटांचीच का? भाष्यकार सांगतात, बाई लहानपणापासून भात रांधते, तरी शीत दोन बोटांत दाबून पाहिल्याशिवाय तो शिजला की नाही हे तिला कळत नाही! सोमा डगमगली नाही. मन स्थिर आणि नजर स्वच्छ असेल तर बाई की पुरुष हा प्रश्नच कुठे येतो, अशा आशयाचे उत्तर देऊन तिने त्याला वाटेला लावले.

पण मैत्रिणींनो, मला तो टोमणाच पुन्हा पुन्हा आठवतो. शीत दाबून पाहणे ही अक्कल कमी कशी? सासूबाई काय म्हणतात, शेजारणीचा भात किती वेळात होतो, यावर न विसंबता स्वतःच्या बोटांनी पारखायचे. शितावरून भाताची परीक्षा. बुद्धाने तरी याहून वेगळे काय सांगितले?

केसपुत्तच्या कालाम लोकांनी बुद्धाला विचारले होते, येणारा प्रत्येक गुरू आपलेच खरे म्हणतो, आम्ही कोणाचे धरावे? अंगुत्तर निकायात त्याचे उत्तर आहे. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, नुसत्या तर्काला पटते म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही धरू नका. ज्याने लोभ, द्वेष, मोह वाढतो, ज्याने अहित होते, जाणती माणसे ज्याला नावे ठेवतात, ते तुमचे तुम्हाला कळले की सोडा.

हीच कसोटी बौद्ध परंपरेलाही लावायची. महाप्रजापती गौतमीला संघात प्रवेश आधी नाकारला गेला, आनंदाने रदबदली केल्यावर तो मिळाला, तोही आठ गुरुधर्मांच्या अटीवर. शंभर वर्षांपूर्वी दीक्षा घेतलेल्या भिक्षुणीनेही आजच दीक्षा घेतलेल्या भिक्षूला वंदन करावे, ही त्यातली एक अट. हे शीत कच्चे आहे. तसे म्हणायला भ्यायचे कशाला?

‘आतला आवाज ऐका’ असे हल्ली जो तो सांगतो. त्याचीही फी घेऊन शिबिरे भरतात. पण आतून येणारा प्रत्येक आवाज आपला नसतो. ‘तूच कुठेतरी कमी पडलीस’ हा आवाजही आतूनच येतो. तो आईने, सासूने, टीव्हीवरच्या मालिकांनी आत नेऊन बसवलेला असतो. म्हणून ऐकणे पुरेसे नाही, पारखणे हवे.

वस्तीतल्या आमच्या गटात आम्ही चार साध्या गोष्टी करतो. नळाला पाणी यायची वाट बघताना दहा श्वास मोजायचे, डोळे उघडे ठेवून. मार खाल्लेल्या बाईला डोळे मिटून बसणे कधी कधी भीतीचे वाटते. कोणी काही मागितले तर ‘हो’ म्हणण्याआधी तीन श्वास थांबायचे आणि अंगात काय होते ते पाहायचे: घसा आवळतो, पोटात गोळा येतो, की खांदे सैल होतात? मग मनातल्या वाक्याला विचारायचे, तू कोणाचे? तुझे ऐकले तर कोणाचे भले, कोणाचे नुकसान? आणि आठवड्याला हे गटात बोलून दाखवायचे, कारण एकटीचा अंदाज फसूही शकतो. बुद्धाने कल्याणमित्राला आणि संघाला एवढे महत्त्व दिले ते उगाच नाही. आमच्यातल्या एकीने तीन श्वासांनंतर दिराच्या कर्जाला जामीन राहायला नकार दिला. लग्नानंतरच्या अठरा वर्षांतले ते तिचे पहिले ‘नाही’.

चळवळीतल्या काही मैत्रिणी म्हणतात, हे व्यक्तिवादी आहे, याने व्यवस्थेवरची नजर हटते. मी जन्माने बौद्ध नाही. हे सारे मला वस्तीतल्या बौद्ध बायांनी शिकवले. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांबरोबर नागपुरात लाखो लोकांनी धम्म स्वीकारला, तो काय मनःशांतीसाठी? जातीने लावलेले आपले मोल आतून नाकारण्याचा तो निर्णय होता. वर्षावासात विहारात ग्रंथ ऐकायला बसणाऱ्या या बाया दुसऱ्या दिवशी रेशनच्या मोर्चात पुढे असतात. आम्ही सवर्ण कार्यकर्त्या मात्र ‘तो धर्माचा मामला’ म्हणून विहाराची पायरी चढलो नाही, आणि हळदीकुंकवाला जाऊन जाणीवजागृतीची भाषणे खुशाल केली. व्यवस्थेवर बोट ठेवायचे तर आधी इथे ठेवू या.

एक स्पष्ट करते. जिला मारहाण चालू आहे तिला आधी सुरक्षित जागा हवी, श्वास नंतर. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा तिला संरक्षणाचा आदेश आणि त्याच घरात राहण्याचा हक्क मागू देतो. १८१ ही महिला हेल्पलाईन आहे. ‘श्वासाकडे बघा’ हे त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. उत्तर असे हवे होते: “ताई, तुम्हाला काय कळतंय ते आधी सांगा, आम्ही ऐकतोय.”

आता माझ्या फाईलमध्ये ‘तडजोड’च्या आधी एक रकाना मी हाताने आखते: ‘तिला स्वतःला काय वाटते?’ तो तिच्याच शब्दांत भरते. तो रिकामा असेल तर पुढची सही घेत नाही. अहवालातले आकडे कमी झाले आहेत, वरिष्ठांनी दोनदा विचारणाही केली. समुपदेशनाचे काम करणाऱ्या मैत्रिणींना माझे एवढेच सांगणे आहे, हा रकाना तुम्हीही आखा. दोघी-चौघींनी आखला तर विचारणा होईल. सगळ्यांनी आखला तर तो छापावा लागेल.